खुन्यांचे सर

सर पहिल्या तासाला वर्गात आले ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल चोपडून, भांग पाडून. हजेरी घेतली नाही. पंखे बंद करायला लावले, खुर्चीत बसले आणि मुलगी बघायला आलेल्या मामासारख्या गोड आवाजात बोलायला लागले. समोर जणू कुकर दुरुस्त करणारा माणूस येऊन बसलाय.

"या, बसा. चहा घेणार? नको? बरं. कुकरचं तसं विशेष काही नाही हो. हिचं लक्ष नसायचं, एवढंच. गॅसवर कुकर ठेवून आईशी फोनवर बोलत बसायची. मी किती वेळा सांगितलं. प्रेमानं सांगितलं. आता शिट्ट्या मीच मोजतो. आता घरात कसं, कुकर सोडला तर कुणाचाच आवाज नसतो. अहो, तुम्ही नका आत जाऊ. मी आणतो ना कुकर बाहेर."

आम्ही सुरुवातीला हसत होतो. शेवटच्या वाक्याला पुढच्या दोन बाकांवरचं हसू थांबलं. मागचे हसतच राहिले.

सर उठले, पंखे लावले आणि विचारलं, "हा माणूस कोण?"

"विधुर, सर," मागून कुणीतरी म्हणालं.

"कसा झाला विधुर?"

सगळ्यांनी वहीत माना घातल्या.

"त्यानं सांगितलंय की तुम्हाला. तुम्ही ऐकलं नाही, कारण तो सभ्यपणे बोलत होता. चहा विचारला त्यानं. ज्यानं चहा विचारला त्याच्यावर आपल्याकडं कुणी संशय घेत नाही."

नव्या मुंबईतल्या आमच्या कॉलेजात इंग्रजी साहित्य घेणाऱ्या मुलांचा व्हिक्टोरियन कवितेचा पेपर असा सुरू व्हायचा. त्या काळातल्या इंग्रज कवींनी एक प्रकार लिहिला. कवितेत एकच माणूस बोलतो, समोर कुणीतरी गप्प बसून ऐकत असतं, आणि बोलता बोलता तो माणूस स्वतःला नकळत उघडा पाडतो. यांतले काही पुरुष खुनी आहेत. बायकोला नाहीतर प्रेयसीला मारलेलं असतं आणि आता ते आपल्याला समजावून सांगतायत की ते कसं योग्यच होतं. सरांची पीएचडी यांच्यावरच होती. कॉलेजात बाकीच्यांना 'भूगोलाचे सर', 'अकाउंट्सचे सर' म्हणत. आमचे सर 'खुन्यांचे सर'. त्यांना ते आवडायचं.

मूळचे ते सांगोल्याकडचे. जुईनगरला भाड्यानं फ्लॅट बघायला गेले तेव्हा मालकानं विचारलं, काय करता? सर म्हणाले, "खुनी पुरुषांचा अभ्यास." मालकानं त्यांना पोलीस खात्यातलं समजून किल्ली दिली. सोसायटीला वाटलं, क्राइम ब्रँचचा माणूस आला. कुणाची सायकल गेली, कुणाच्या कुंड्या फुटल्या, तळमजल्यावरचं मांजर मेलं, की लोक सरांना बोलवायला यायचे. सर जायचे. मांजराकडे बघायचे आणि विचारायचे, "याच्याबद्दल सगळ्यात जास्त प्रेमानं कोण बोलत होतं?"

खुनी ओळखायची त्यांची पद्धत हीच. "ओरडतो तो नवरा," ते म्हणायचे, "खुनी समजावून सांगतो." रविवार सोडून कधी सुट्टी असली की ते बस पकडून महापेला जायचे. आयटी पार्कच्या बाहेर चहाच्या टपरीवर, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली मंडळी कटिंग घेत उभी असतात, तिथं कोपऱ्यात कान देऊन उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी वर्गात आले की खूश. "काल एक नवा सापडला. बायकोच्या मोबाइलमध्ये त्यानंच ॲप टाकलंय, ती कुठंय ते कळायला. म्हणे, ट्रॅफिक फार असतं ना, मला काळजी वाटते. वा! काय वाक्य आहे! कवितेत बसेल."

रिक्षावाला, दूधवाला, प्राचार्य, विद्यापीठाचे निरीक्षक, कुणी सुटलं नाही. प्राचार्य एकदा भाषणात म्हणाले, "माझ्या यशामागे माझ्या पत्नीचा मूक पाठिंबा आहे," तर सर शेजारच्या प्राध्यापिकेच्या कानात कुजबुजले, "मूक का आहे, ते विचारा." त्या बाईंना भर सभेत ठसका लागला.

एवढं शिकवून मुलं परीक्षेत लिहायची, 'कवीने नायक अत्यंत प्रेमळ व कुटुंबवत्सल दाखवला आहे.' सर पेपर तपासताना डोक्याला हात लावायचे. एकदा एका मुलानं सरांचं ते कुकरवालं भाषण मोबाइलवर घेतलं आणि रील करून टाकलं. ते इतकं फिरलं की जुईनगर स्टेशनबाहेरचा भाजीवालासुद्धा सरांना नमस्कार करायला लागला. सर दोन दिवस हवेत होते. मग त्यांनी खालच्या कॉमेंटी वाचल्या. 'एकदम बरोबर बोललात सर.' 'प्रत्येक नवऱ्याची व्यथा.' 'रिस्पेक्ट.' 'पार्ट टू कधी?' त्या दिवशी स्टाफरूममध्ये ते डबा न उघडता बसून होते. "अरे, खून केलाय त्यानं," एवढंच मधूनमधून म्हणत होते, "खून केलाय ना त्यानं."

सत्राच्या शेवटच्या तासाला मात्र ते स्वतः बोलायचे नाहीत. मुलींना पुढं बोलवायचे. म्हणायचे, मेलेली बाई कवितेत बोलत नाही, आज ती बोलू दे. भाषा कुठलीही चालेल. आमच्या वर्गात दिवाळे गावची एक मुलगी होती, घरची मासळीची. एरवी इंग्रजीच्या तासाला खाली मान घालून बसायची. ती पुढं आली, कमरेवर हात ठेवले आणि सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "आरं, मी जित्ती व्हती तवा तूच बोलत व्हतास. आता मेली तरी तूच बोलतंस! जरा गप र्‍हा ना, मना बोलू दे!" वर्ग डोक्यावर घेतला आम्ही. सरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि तिला सांगितलं, "माझ्या पीएचडीत एवढं नव्हतं."

आम्हा मुलींची एक शंका होती. एवढा बोलणारा माणूस, तर याच्या घरी बाईंना तोंड उघडायला मिळत असेल का? एम. ए. करून मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, तेव्हा एक दिवस सर मला घरी घेऊन गेले आणि शंका फिटली. दार उघडल्यापासून बाई बोलत होत्या. त्या गुहागरच्या. सर आत जाऊन लसूण सोलायला बसले ते मी निघेपर्यंत सोलत होते. मधे एकदा त्यांनी "त्याचं असं आहे की" म्हणून सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "तुमचं कॉलेजात झालं ना बोलून?" आणि पुढं चालू.

त्यांच्याच तोंडून मी चेअरमनचा प्रसंग ऐकला. सोसायटीची सभा चालली होती, विषय गच्चीच्या गळतीचा. चेअरमन माईक सोडत नव्हते. सगळे भांडायला लागले तसे ते म्हणाले, "माझ्याही घरी पूर्वी रोज वाद व्हायचे. आता बघा, बायको एक शब्द बोलत नाही. मी तोडगा काढलाय. तसाच इथं काढू." सर उठले आणि चालू लागले. लोकांना वाटलं, बाथरूमला गेले. सर गेले थेट चेअरमनच्या दारात. बेल वाजवली, कुणी उघडेना. धक्के मारले, तरी नाही. मग त्यांनी वॉचमनला हाका मारायला सुरुवात केली.

"अगो, अख्खी सभा जिन्यात!" बाई डोळे पुसत सांगत होत्या. "चेअरमन मागून धापा टाकतोय. त्यानं किल्लीनं दार उघडलं. आत ती! तोंडाला मुलतानी माती, कानात हेडफोन, समोर कोरियन सिरियल. एवढे लोक बघून किंचाळलीच. आणि मग काय म्हणाली ठाऊकाय? 'हे बोलायला लागले की मी कानात घालते हो.' हाच त्याचा तोडगा! त्याला वाटत होतं, आपण बायकोला गप्प केलं!"

चेअरमननं कॉलेजात तक्रार केली. सरांना माफी मागावी लागली. बाईंनी त्यांच्याकडून शपथ घेतली की यापुढं कुठल्याही जिवंत माणसाला खुनी म्हणायचं नाही. चेअरमनच्या बायकोनं मात्र पुढं लिफ्टमध्ये सरांना हळूच सांगितलं, "येत जा हो अधूनमधून. ही कुठंय असं पहिल्यांदाच कुणी विचारलं."

माझं लग्न ठरलं ते या सगळ्यानंतर. मुलगा महापेच्या एका कंपनीत होता. दिसायला चांगला, बोलायला त्याहून चांगला. मला बसायला खुर्ची ओढून द्यायचा. रोज दुपारी फोन करून जेवलीस का विचारायचा, डब्यात काय होतं ते विचारायचा, आणि उद्या काय न्यावं तेही सांगायचा. हॉटेलात गेलो की माझी ऑर्डर तोच द्यायचा. "हिला मासे नको, हिला त्रास होतो." मला माशांनी कधी त्रास झालेला नव्हता. पण इतकी काळजी घेणारा मुलगा, एवढ्यावरून कुठं वाद घाला? आई तर मैत्रिणींना सांगत सुटली होती की पोरीनं नशीब काढलं.

मी त्याला सरांकडे घेऊन गेले. खरं सांगायचं तर गंमत म्हणून. शपथ असली तरी सर चेहऱ्यानं काहीतरी सांगतील, असं वाटलं होतं. तो सोफ्यावर बसला आणि बोलायला लागला. कंपनीबद्दल, उलव्याला घेतलेल्या फ्लॅटबद्दल, मग माझ्याबद्दल.

"हिला ना सर, स्वतःला काय हवंय ते कळत नाही. मला लगेच कळतं. आता हे शिकवण्याचं टेन्शन. हिला झेपत नाही ते. मी काही सोड म्हटलेलं नाही हां. मी त्यातला नाही. हीच म्हणाली, लग्नानंतर बंद करते."

मी असं कधी म्हणाले होते, ते आठवायला लागले. आठवेना. पण तो इतक्या खात्रीनं सांगत होता की मला वाटलं, म्हणाले असेन.

सर मधूनमधून फक्त "अच्छा", "मग?" एवढंच म्हणत होते. त्यांच्या त्या कवितांत ऐकणारा माणूस बसतो, तसे ते बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. आणखी एक गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात यायला हवी होती. बाई गप्प होत्या. त्यांनी पोह्यांच्या बशा आणल्या, रिकाम्या बशा नेल्या, आणि त्या सबंध वेळात एक शब्द बोलल्या नाहीत.

सर लिफ्टपर्यंत सोडायला आले. तो आधी आत शिरला. मी सरांकडे बघितलं. ते लिफ्टवरच्या लाल आकड्याकडे बघत म्हणाले, "मुलगा चांगला आहे."

मला हायसं वाटलं. थोडा विरसही झाला. ज्या माणसानं दूधवाल्याला सोडलं नाही, त्यानं माझ्या होणाऱ्या नवऱ्याला एका वाक्यात निर्दोष सोडून दिलं होतं.

साखरपुडा बेलापूरच्या एका हॉलमध्ये झाला. स्टेजवर फुलांची कमान, खाली गोल टेबलं, आणि लग्नाआधीच सगळ्यांच्या वतीनं लाजणारी एक अँकर बाई. अंगठ्या झाल्यावर तिनं त्याच्या हातात माईक दिला. "आता आपले नवरदेव आपल्या क्वीनबद्दल दोन शब्द बोलणार!"

तो दोन शब्दांवर थांबणारा नव्हता. पण बोलत छान होता. माझ्या मावशीनं रुमाल काढला. "मी हिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ही खूप बडबडी होती. कुठल्याही विषयावर बोलायची. हिला कविता शिकवायला आवडायचं. मोठ्यानं हसायची, अगदी हॉटेलातसुद्धा. मासे खायची, बाबा रे, किती खायची! मैत्रिणी होत्या भरपूर. मी हिला हळूहळू..."

मी त्याच्या शेजारी उभी होते. हातात त्याचीच अंगठी होती. बडबडी होती. आवडायचं. हसायची. खायची. एकेक शब्द येत होता आणि मला वाटत होतं, हे कुणाबद्दल बोलणं चाललंय? शोकसभेत बोलतात तसं हे बोलणं आहे आणि लोक टाळ्या वाजवतायत. मी सरांना शोधलं. ते तिसऱ्या टेबलाशी बाईंच्या शेजारी बसले होते, हातातल्या पन्ह्याच्या ग्लासात बघत.

त्याचं भाषण संपलं. टाळ्या झाल्या. अँकर बाई माईक घ्यायला पुढं आली आणि सर एकदम उभे राहिले. जागच्या जागी, धक्का बसल्यासारखे. शाळेतल्या पोरासारखा त्यांचा एक हात वर होता.

"आता तिला द्या माईक," सर म्हणाले.

सगळे हसले. तोही हसला. "सर, ती लाजते. तिच्या वतीनं मीच सांगतो ना."

"तिला द्या."

वर्गात घुमणारा तो आवाज त्या हॉलमध्ये तिसऱ्या टेबलापासून स्टेजपर्यंत कसाबसा आला. खुनी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. शपथ पाळली. नुसते उभे राहिले. वऱ्हाडातली माणसं मान वळवून बघायला लागली, कुणीतरी "बसा हो मास्तर" म्हणालं, तरी बसेनात. शेवटी अँकर बाईनंच गोंधळून माईक माझ्या हातात दिला.

मी माईक दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "मला शिकवायला आवडतं. आवडायचं नाही. आवडतं. मी कॉलेज सोडणार आहे असं कधी म्हणाले नव्हते. आणि मला मासे चालतात."

डीजेवाल्याला वाटलं, झालं भाषण. त्यानं ढँग करून गाणं लावलं आणि स्टेजच्या दोन्ही बाजूंनी चमकीच्या कागदांचे फवारे उडाले. चमकी केसांवर घेऊन आम्ही दोघं उभे होतो आणि फोटोग्राफर ओरडत होता, "मॅडम, स्माइल!"

बाजूच्या खोलीत त्यानं मला बसवलं. खुर्ची ओढून दिली. पाणी दिलं. "मी चिडलो नाहीये," तो म्हणाला, आणि खरंच चिडलेला नव्हता. "फक्त फोटो होईपर्यंत हसून घे. मग आपण निवांत बसू. तुला नेमकं काय झालंय, ते मी तुला सांगतो."

मी अंगठी काढून पेढ्यांच्या ताटात ठेवली. त्यासाठी फार वेळ लागला नाही. पुढचे तास मात्र कठीण गेले. आई रडली. त्याच्या आईनं माझ्या आईला तिच्या संस्कारांबद्दल विचारलं. बाबा हॉलच्या दारात उभे राहून पाहुण्यांची माफी मागत होते. पाहुणे "असू दे, असू दे, होतं असं" म्हणत त्यांच्या खांद्यावर थोपटत होते आणि जेवणाच्या रांगेत जात होते. साखरपुडा मोडला, पण बासुंदी कमी पडली.

आमच्या घरात खापर सरांवर फुटलं. "त्या मास्तराला प्रत्येकात खुनी दिसतो," बाबा अजूनही म्हणतात. त्या मुलाचं पुढं वर्षभरात लग्न झालं. मागं कुणीतरी मला त्यांचा फोटो दाखवला. दोघंही ठीक दिसत होती. त्यानं कुणाचा खून केलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फोटोत बायको हसत होती. तिच्या हातात मेन्यूकार्ड नव्हतं, त्याच्या हातात होतं. पण फोटोवरून काय कळतं?

सर निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना भेटायला जुईनगरला गेले. बाई ओट्याशी कोलंबी सोलत होत्या. त्या दिवाळे गावात जाऊन, कोळणीशी घासाघीस करून कोलंबी आणतात आणि घरी आल्यावर ती सगळी घासाघीस पुन्हा करून दाखवतात. तेच चाललं होतं. सर ऐकत होते. मी संधी साधून त्यांना विचारलं, "सर, त्या दिवशी लिफ्टपाशी तुम्ही चांगला आहे का म्हणालात?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "घाबरलो," ते म्हणाले. "पुस्तकातला उलटून बोलत नाही ना. हा सोफ्यावर बसला होता. मी आयुष्यभर कागदावरचे पकडले गं. खरा समोर आला आणि मला वाटलं, आपलं चुकत असेल. चेअरमनच्या वेळी चुकलं होतंच."

"मग हॉलमध्ये कसे उठलात?"

"मी कुठं उठलो? हिनं मांडीला चिमटा काढला. असा काढला की मी उभाच राहिलो. वर बघतो तर सगळे माझ्याकडे बघतायत. काहीतरी बोलणं भाग होतं. हीच खालून म्हणाली, माईक मागा तिच्यासाठी."

मी बाईंकडे बघितलं. त्या हसत होत्या.

"बाई, मग तुम्हीच का नाही उठलात? तुम्ही तर किती छान बोलता."

"अगो, मी उठले असते तर काय झालं असतं? म्हातारी भांडकुदळ आहे, खाली बसवा तिला. दोन बायकांनी मिळून दाबून बसवलं असतं मला. पुरुष उभा राहिला की लोक आधी ऐकतात, मग ठरवतात." त्यांनी कोलंबीचं भांडं नळाखाली धरलं आणि सरांकडे हनुवटीनं दाखवत म्हणाल्या, "म्हणून तर यांना अजून जिवंत ठेवलंय."